नेट गेलंय का?

मी 'सीरियल एक्स्परिमेंट्स लेइन' लावली की नवरा येता-जाता एकच प्रश्न विचारतो, "नेट गेलंय का?" त्याचं काही चुकत नाही. पडद्यावर विजेचा खांब असतो, खांबावरून तारा गेलेल्या असतात आणि मागे पांढरंफटक आकाश. यातलं काहीही हलत नाही. नुसता घूंऽऽ असा आवाज, डीपीजवळून जाताना ऐकू येतो तोच. नवरा राउटरकडे बघतो, दिवे लुकलुकतायत याची खात्री करतो आणि मग माझ्याकडे बघतो. माझीच कुठली तार सुटली नाही ना, असं त्याला वाटत असावं. तेवढ्यात खांबाखालून एक शाळकरी मुलगी मान खाली घालून चालत जाते आणि तो निर्धास्त होऊन कुकरकडे वळतो.

ही मुलगी म्हणजे लेइन इवाकुरा. चौदाएक वर्षांची, आखूड केसांची. एका बाजूची बट मात्र लांब ठेवून क्लिपने बांधलेली. घरात अस्वलाचा पायजमा घालते, तोही टोपी आणि कानांसकट. बोलते इतकी कमी की समोरचाच ओशाळतो. तोक्यो टीव्ही या वाहिनीवर 6 जुलै 1998 पासून सप्टेंबरअखेरपर्यंत, आठवड्याला एक असे तेरा भाग दाखवले गेले. वेळ मध्यरात्रीनंतरची, म्हणजे ज्यांना सकाळी उठायचं नाही त्यांच्यासाठी. दिग्दर्शक र्‍युतारो नाकामुरा, सगळे भाग लिहिणारे चिआकी कोनाका, पात्रं रेखाटणारे योशितोशी आबे आणि या सगळ्यांची मोट बांधणारे निर्माते यासुयुकी उएदा. भागाला ते भाग म्हणत नाहीत, लेयर म्हणतात. लेयर एक, लेयर दोन. मला आधी वाटलं, थर आहेत म्हणजे खणत गेल्यावर तळाला काहीतरी सापडेल.

माझ्या वयाच्या बाईने जपानी 'कार्टून' बघावं का, हा प्रश्न आमच्या सोसायटीत अधूनमधून निघतो. मी तिथपर्यंत पोचले गाण्याच्या वाटेने. भाचा सुट्टीत राहायला आला होता आणि त्याच्या मोबाइलवर दर दोन रीलमागे एकच गाणं वाजत होतं. गिटार, आणि एका बाईचा थोडा थकलेला, थोडा विनवणीचा आवाज. 'बोआ' नावाच्या ब्रिटिश बँडचं 'ड्युवे'. गायिका जास्मिन रॉजर्स, म्हणजे 'फ्री' आणि 'बॅड कंपनी'वाल्या पॉल रॉजर्सची मुलगी. जपानी मालिकेचं शीर्षकगीत इंग्रजीत, तेही लंडनच्या पोरांनी गायलेलं. वीसेक वर्षं ते तसं गपगुमान पडून होतं आणि मग रीलवाल्या पोरांनी ते असं उचललं की मोडलेला बँड पुन्हा उभा राहिला आणि 2024 मध्ये त्यांचा नवा अल्बमही आला. गाणं आवडलं म्हणून सिनेमाला जायचं, ही खोड आमच्या पिढीला जुनीच आहे. गाण्यासाठी आम्ही काय काय सोसलंय! तेव्हा तेरा भाग म्हणजे काहीच नाही, असं म्हणून मी बसले.

प्रत्येक भाग सुरू होतो तो रात्रीच्या शहरातल्या चौकात. एक पुरुषी आवाज इंग्रजीत जाहीर करतो की काळ आजचाच आहे, वेळ आत्ताचीच आहे, आणि मग हसतो. हे हसणं मला अजून पचलेलं नाही. "मला काय ते माहीत आहे, तुम्ही बसा शोधत" असं एखाद्या सरकारी टेबलामागून यावं, तसं ते येतं.

पहिल्याच भागात लेइनच्या शाळेतली एक मुलगी जीव देते, आणि त्यानंतर वर्गातल्या मुलींना तिचे ई-मेल यायला लागतात. मी फक्त शरीर सोडलंय, इथे ठीक आहे, अशा आशयाचे. लेइन घाबरत नाही. ती अडगळीतला जुना कॉम्प्युटर सुरू करते. या मालिकेत कॉम्प्युटरला 'नावी' म्हणतात आणि नेटला 'वायर्ड'. रात्री जेवताना ती आईला सांगते की मेलेल्या मैत्रिणीचा मेल आला. आई काही बोलत नाही. म्हणजे अक्षरशः काही नाही. आमच्याकडे एवढ्या वाक्यावर आईने ताट बाजूला सारून दृष्ट काढली असती, वडिलांनी शाळेत फोन लावला असता आणि शेजारच्या काकू चौकशीला येऊन चहा घेऊन गेल्या असत्या. इवाकुरांच्या घरात मात्र त्या शांततेत काट्या-चमच्यांचाही आवाज होत नाही. वडील तेवढे बरे. ते आपल्या खोलीत चार-पाच पडद्यांसमोर एकटेच खूश होऊन बसलेले असतात, आणि मुलगी नवीन नावी मागते तेव्हा इतके हरखतात की बघणाऱ्याला संशय यावा.

संशय खरा निघतो, पण ते पुढे.

1998 साल माझ्या चांगलं लक्षात आहे. आपल्याकडे विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली ती 1998 च्या नोव्हेंबरात, म्हणजे लेइन संपल्यावर. ज्यांच्या घरी डायल-अप होतं, त्यांच्या घरचा फोन संध्याकाळभर एंगेज लागायचा आणि नेमकं तेव्हाच गावाहून महत्त्वाचा निरोप असायचा. बाकीच्यांसाठी सायबर कॅफे. प्लायवूडचे खण, आत प्लास्टिकची खुर्ची, तासाचे पैसे, आणि मोडेमचं ते किर्रर्र, टीं-टीं, खर्रर्र. मालिकेत लेइनची थोरली बहीण मिका पुढेपुढे अशी होते की ती घरात शून्यात बघत मोडेमसारखेच आवाज काढत बसते. तरुण मंडळींना हा प्रसंग भयंकर वाटतो. मला त्यात भयंकर वाटण्याआधी एकदम जुनं कोणीतरी भेटल्यासारखं झालं. डायल-अपची वाट बघत आम्हीही तसेच बसायचो की!

मग येते लेइनची खोली. आधी पलंग, टेबल, खिडकीत रांगेने बसवलेली खेळण्यांतली जनावरं. हळूहळू एक पडदा, मग चार, मग भिंतीभर. यंत्रं तापतात म्हणून थंड पाण्याच्या नळ्या येतात, त्या गळायला लागतात, खाली पाणी साचतं, वाफ कोंडते आणि या गुहेत ती पोर अस्वलाच्या पायजम्यात मांडी घालून बसलेली. भाष्यकार म्हणतात, ही खोली म्हणजे तिच्या मनाचा विस्तार. असेल. मी मात्र प्रत्येक वेळी एकाच विचाराने अस्वस्थ होते: या घराचं वीजबिल कोण भरतं?

आता कथा. कथा सांगायची तर मला भाच्याचा आधार घ्यावा लागतो, कारण त्याने यावर तास-तासभराचे समजावणीचे व्हिडिओ बघितलेत.

"मावशी, अगं लेइन माणूस नाहीच मुळी. ती प्रोग्रॅम आहे."

"कुणी लिहिलेला?"

"तिथेच तर वाद आहे. मासामी एइरी म्हणतो मी लिहिला. त्याने प्रोटोकॉल सातमध्ये स्वतःलाच घुसवलंय. तो मेलाय पण वायर्डमध्ये देव आहे."

"मेल्यावर देव झाला, हे आपल्याकडेही चालतं. मग?"

"मग लेइन त्याच्यापेक्षा मोठी निघते. किंवा आधीपासूनच असते."

"आधीपासून म्हणजे कधीपासून?"

"तू आधी नववा लेयर परत बघ."

सगळ्या चर्चा शेवटी नवव्या लेयरपाशी येऊन थांबतात. आणि नववा लेयर म्हणजे ऐन रंगात आलेल्या गाण्याच्या बैठकीत प्रायोजकाने माईक हातात घ्यावा, तसा आहे. कथा बाजूला ठेवून एक गंभीर आवाज माहिती द्यायला लागतो. रॉझवेलला पडलेली उडती तबकडी. व्हॅनेव्हर बुश यांनी 1945 मध्ये कल्पिलेलं मेमेक्स नावाचं यंत्र. डॉल्फिनशी बोलू पाहणारे जॉन लिली. टेड नेल्सन यांचं झनाडू. पृथ्वी आणि आयनांबर यांच्यामधली शुमान कंपनं. यातली बरीच माणसं आणि कल्पना खऱ्या आहेत, हे मी नंतर पडताळून पाहिलं. बुश यांचा लेख तर आजही वाचावा असा आहे. पण मालिकेत हे सगळं रात्री दीड वाजता पाठोपाठ कानावर आदळतं. याच भागात लेइनच्या खोलीच्या दारात परग्रहावरचा एक राखाडी प्राणी क्षणभर उभा राहतो. मोठं डोकं, बदामी डोळे आणि अंगात लाल-हिरव्या पट्ट्यांचा स्वेटर. स्वेटर का? उत्तर नाही. भाच्याकडे त्याचंही स्पष्टीकरण आहे, पण ते ऐकल्यापासून मला तो स्वेटर कमी आवडायला लागलाय, म्हणून इथे देत नाही.

या समजावणीबद्दल निर्माते उएदा यांची एक गोष्ट मला फार आवडते. मालिका अस्सल जपानी मूल्यांवर उभी आहे, तेव्हा अमेरिकन प्रेक्षक तिचा निराळाच अर्थ लावतील, त्यावरून दोन संस्कृतींत वैचारिक लढाई जुंपेल आणि त्यातून काही नवं निघेल, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात अमेरिकन प्रेक्षकांनी जपान्यांसारखाच अर्थ लावला आणि उएदा हिरमुसले. आपली कलाकृती लोकांना कळली म्हणून दुःखी झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्यांनी एकदा आमच्या घरी यावं. मी आणि नवरा मिळून त्यांचं पूर्ण समाधान करू.

न कळताही आवडणं यात नवल वाटण्यासारखं काही नाही, निदान मराठी माणसाला तरी. नागपूरच्या माणिक गोडघाट्यांना, म्हणजे ग्रेसना, आपण जन्मभर दुर्बोध म्हणत आलो. 'संध्याकाळच्या कविता' 1967 मध्ये आली तेव्हापासून त्यांच्या ओळींचा अर्थ लावण्यात प्राध्यापकांच्या पिढ्या गेल्या. आणि त्यांचीच एक कविता, हृदयनाथांची चाल आणि लताबाईंचा आवाज लाभून, दूरदर्शनवरच्या 'महाश्वेता' मालिकेचं शीर्षकगीत झाली. अख्खा महाराष्ट्र हातातलं काम टाकून ते गीत ऐकत होता. भाजी निवडता निवडता बायका ते गुणगुणत होत्या. त्या वेळी कुणी कुणाला विचारलं नाही की, अहो, या कडव्याचा अर्थ काय. पोटात कालवाकालव झाली, तेवढं पुरलं. ख्याल गायकीचंही तेच. तासभर बडा ख्याल ऐकून आलेल्या माणसाला बंदिशीचे शब्द विचारा, पहिल्या अर्ध्या ओळीच्या पुढे तो जाणार नाही. पण षड्ज कसा लागला, हे तो घरी पोचेपर्यंत सांगत राहील.

लेइनमधला षड्ज म्हणजे ती तारांची घूंऽऽ. सबंध मालिका त्या आवाजाच्या पायावर उभी आहे. बाकीच्या अॅनिमेत सतत काही ना काही चाललेलं असतं, कुणी किंचाळतं, कुणी उडतं. इथे मुलगी घरातून निघून शाळेत जाते, एवढंच दाखवायला नाकामुरा निवांत वेळ घेतात. रस्ता इतका उजळ की डोळ्यांवर यावा, आणि भिंतींच्या, खांबांच्या सावल्या पडतात त्या नुसत्या काळ्या नाहीत, त्यांच्यात तांबडे-जांभळे डाग आहेत, आतून काहीतरी झिरपत असल्यासारखे. पात्रं काय बोलली हे विसरायला होतं, त्या सावल्या विसरायला होत नाहीत. मालिका बघून झाल्यावर मी आमच्या गल्लीतल्या तारांकडे वर मान करून बघायला लागले. विजेच्या वेगळ्या, टेलिफोनच्या वेगळ्या, केबलवाल्याने खांबाला गुंडाळून ठेवलेलं वेटोळं वेगळं, आणि त्यात अडकलेला संक्रांतीचा पतंग. इतकी वर्षं हे सगळं डोक्यावर होतं आणि मी खाली खड्डे बघत चालत होते. ते अर्थात अजूनही बघावेच लागतात.

या मालिकेबद्दल हल्ली सर्वांत जास्त ऐकू येतं ते असं, की 1998 मध्येच यांनी आजचं सगळं ओळखलं होतं. स्मार्टफोन नव्हता, समाजमाध्यमं नव्हती, तरी पाहा. खोटं नाही. आठव्या लेयरमध्ये लेइनचंच रूप घेतलेली दुसरीच एक लेइन वायर्डमध्ये फिरते आणि आरिसूचं गुपित फोडते. आरिसू तिची एकुलती एक खरी मैत्रीण, आणि गुपित साधंच, शिक्षकावर मन जडल्याचं. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांच्या माना वळतात. आज कुठल्याही शाळेतल्या मुलीला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. पण भाकीत खरं ठरलं म्हणून कलाकृती मोठी, हा हिशेब मला पटत नाही. भाकितं पंचांगवालेही करतात. शिवाय माना वळणं, कुजबुज, आणि जिच्याबद्दल बोलणं चाललंय तिला सोडून सगळ्यांना सगळं ठाऊक असणं, हे व्हायला नेट लागत नाही. आमच्या वाड्यात ते एका सार्वजनिक नळावर होत असे.

मला धरून ठेवलं ते बाराव्या लेयरने. तोवर देव, प्रोटोकॉल, काळे सूट घातलेले पाळतीवरचे दोघे, स्वतःला नाइट्स म्हणवणारी हॅकरांची टोळी असं बरंच होऊन गेलेलं असतं. वडीलही निरोप घेऊन गेलेले असतात, कारण ते घर घर नव्हतंच, आई-वडील नेमून दिलेले होते. आता लेइनला ठाम वाटतंय की शरीर ही नुसती अडचण आहे, माणसं एकमेकांशी जोडलेली असायला त्याची गरज नाही. त्या पाणथळ, तारांनी भरलेल्या खोलीत आरिसू येते. घाबरलेली आहे, चिडलेली आहे. ती वाद घालत नाही. लेइनचा हात धरते आणि आपल्या छातीवर ठेवते. धडधडतंय. भीतीने धडधडतंय, पण धडधडतंय. लेइन तो हात तसाच ठेवून ऐकत राहते. अकरा लेयर शुमान कंपनं आणि मेमेक्स सांगणाऱ्या माणसांनी शेवटी हात कुठे ठेवला, तर तिथे! भाच्याच्या व्हिडिओत या प्रसंगाला अर्धं मिनिट मिळालंय. परग्रहवासीयाला बारा.

शेवटी लेइन सगळं पुसून टाकते, म्हणजे स्वतःला. कुणालाच ती आठवत नाही. मेलेली मैत्रीण जिवंत असते, आरिसू पुढे मोठी होते. लेइन कुठेतरी ढगांत असल्यासारखी एकटी बसलेली असते आणि तिथे तिचे ते नेमून दिलेले वडील येतात. तत्त्वज्ञान सांगत नाहीत. पुढच्या वेळी चांगला चहा करू म्हणतात, आणि सोबत मादलेनही आणू. मादलेन म्हणजे शिंपल्याच्या आकाराचा छोटा फ्रेंच केक. मार्सेल प्रूस्तच्या कादंबरीत तो चहात बुडवून तोंडात टाकताच निवेदकाला हरवलेलं सबंध बालपण आठवतं. आपल्याकडे हे काम खारी करते. जिला जगात कुणीच आठवत नाही त्या मुलीला हा माणूस नेमका तोच खाऊ देऊ करतो. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी रडले का? थोडी. नवरा बाहेर भाजी आणायला गेला होता, त्यामुळे नेटचा विषय निघाला नाही.

नाकामुरा 2013 मध्ये गेले. आबेंनी 2002 मध्ये 'हाइबाने रेन्मेइ' केली. पंख फुटलेल्या मुलींची ती तेरा भागांची गोष्ट मऊ आहे, आणि लेइन झेपली नाही तर तिथून सुरुवात करायला माझी हरकत नाही. लेइनच बघायची असेल तर जपानी आवाजातच बघा, रात्री बघा आणि शीर्षकगीत पुढे ढकलू नका. पडदा थांबल्यासारखा वाटला तर राउटरला हात लावू नका. नवव्या लेयरमध्ये झोप आली तर खुशाल झोपा, फक्त दहाव्याला उठवायला कुणाला तरी सांगून ठेवा. आणि सगळं पाहून झाल्यावर अर्थ लागलाच, तर तो कृपया माझ्या भाच्याला कळवा. मला त्या स्वेटरबद्दल अजिबात काही सांगू नका.